घर विकायचंय: ऑनलाइन एजंट घ्यावा की हाय स्ट्रीटवरचा, म्हणजे गावात दुकान असलेला? (यूके)

लोअर_अर्ली
नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगजवळ लोअर अर्लीत राहतो. तीन बेडरूमचं घर आहे, फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं), सव्वाचार लाख पाउंडाच्या आसपास जाईल असा अंदाज. नवऱ्याची नोकरी लीड्सला चाललीये आणि मुलीची शाळा सप्टेंबरपासून तिकडेच सुरू व्हावी अशी धडपड आहे, त्यामुळे हे विकून तिकडे घ्यायचं, म्हणजे चेन आलीच, एकाचं घर विकलं तरच त्याचं पुढचं घेणं होणार. हे घर घेताना एजंटची फी देणारा समोरचा होता, विकायची आमची ही पहिलीच वेळ.

इथल्या दोन एजंटांना बोलावलं. एक दीड टक्का प्लस व्हॅट म्हणाला, दुसरा सव्वा टक्का प्लस व्हॅट. ऑनलाइनवाले हजार-दीड हजारात करून देतो म्हणतायत, काही तर फुकट म्हणतायत. घर शेवटी राइटमूव्ह या घरांच्या वेबसाइटवरच दिसणार ना दोघांचंही? मग हे जास्तीचे पाच हजार कशाचे द्यायचे? नवरा म्हणतो ऑनलाइनच करू, माझं मन तयार होत नाहीये. ज्यांनी इथे घर विकलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, नुसतं "अमुक चांगला" असं नको, का चांगला ते सांगा.

हिशेबनीस
आधी आकडे मांडू. सव्वाचार लाखावर सव्वा टक्का म्हणजे ५,३१२ पाउंड, त्यावर २० टक्के व्हॅट, झाले ६,३७५. दीड टक्क्याने तेच ७,६५० होतात. ऑनलाइनचे दीड हजार धरले तर फरक साधारण पाच-सहा हजारांचा, म्हणजे घराच्या किमतीच्या एक ते दीड टक्का. दुकानवाल्याने तुम्हाला सव्वाचारऐवजी चार लाख एकतीस हजार आणून दिले तर फी वसूल. पण तो आणून देईलच याची खात्री कोण देणार?

उलट एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तुमचं घर दहा हजाराने जास्त विकलं तर सव्वा टक्क्यावाल्या एजंटच्या दुकानाला मिळतात १२५ पाउंड. त्या सव्वाशेसाठी तो आणखी महिनाभर थांबेल का? नाही थांबणार. त्याला सौदा लवकर व्हायला हवा असतो, आणि तुम्हाला दहा हजार हवे असतात. म्हणून टक्केवारीवर काम करणारा माणूस आपोआप आपल्या बाजूचा असतो हे डोक्यातून काढून टाका. घासाघीस करताना असं मांडा: चार लाख पंचवीसपर्यंत एक टक्का, त्याच्यावर जे येईल त्यातला मोठा हिस्सा तुझा. काही एजंट तयार होतात.

दुसरं म्हणजे पैसे कधी द्यायचे. दुकानवाल्यांचं बहुतेक "नो सेल, नो फी" असतं, कम्प्लीशनच्या, म्हणजे चावी सोपवण्याच्या दिवशी तुमचा सॉलिसिटर (वकील) विक्रीच्या पैशातूनच त्यांचं बिल चुकतं करतो. ऑनलाइनवाल्यांची फी सहसा घर लिस्ट करण्याची असते, विकलं गेलं नाही तरी ती द्यावी लागते. "नंतर भरा" हा पर्याय असतो पण तेही ठरावीक महिन्यांनी घर विकलेलं असो नसो भरायचेच असतात, आणि ते बऱ्याचदा रीतसर कर्ज असतं, त्यामुळे सही करण्याआधी तो कागद पूर्ण वाचा.

पावसाळी_मँचेस्टर
मी ऑनलाइन विकलंय आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करेन, पण माझी परिस्थिती तुमच्यापेक्षा वेगळी होती तीही सांगते. मँचेस्टरजवळच्या सेल गावातलं टेरेस्ड (ओळीतलं) घर, मेट्रोलिंक ट्राम चालत अंतरावर, त्या रस्त्यावर दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी घर विकलं जातंच आणि सगळी घरं सारखीच, त्यामुळे किंमत काय लावायची हे लँड रजिस्ट्रीवर (घरं कितीला विकली गेली त्याची सरकारी नोंद) बघून कळत होतं. मी भाड्याच्या घरात आधीच गेले होते, म्हणजे पुढे चेन नाही. घेणारं जोडपं फर्स्ट टाइम बायर, त्यांच्यामागेही चेन नाही.

फोटो त्यांच्या फोटोग्राफरने काढले, फ्लोअरप्लॅन त्यांचाच, व्ह्यूइंग मी स्वतः दाखवले. मला ते आवडलं सुद्धा. घर आपलं, बॉयलर कधी बदलला, शेजारी कसे आहेत, थंडीत गॅसचं बिल किती येतं हे एजंटच्या शनिवारच्या पोराला काय माहीत! येणाऱ्याला चार प्रश्न पडतात ते तिथल्या तिथे सुटतात. फक्त एक अवघड जातं, लोक तुमच्यासमोर तोंडावर वाईट बोलत नाहीत. "लव्हली हाउस" म्हणून जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत. खरं कारण कळायला मधला माणूस लागतो.

टेम्सकाठ
लोअर अर्ली, तुमचा प्रश्न "दोघंही राइटमूव्हवरच टाकणार, मग पैसे कशाचे" हा अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक लोक चुकीच्या ठिकाणी शोधतात. आपण स्वतः जाऊन राइटमूव्हवर घर टाकू शकत नाही, तिथे एजंटच लागतो, तेवढ्यापुरतं ऑनलाइनवाल्यांनी खरंच उपकार केलेत, कारण ते दार त्यांनी स्वस्तात उघडून दिलं. खिडकीतले फोटो बघून घर घेण्याचे दिवस गेले. म्हणजे घर लोकांना दिसणं या कामाचे सहा हजार द्यायची आज गरज नाही.

पण इंग्लंडात ऑफर स्वीकारली म्हणजे घर विकलं असं नसतं. कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत, म्हणजे दोघांच्या सह्यांचे करार बदलून सौदा पक्का होईपर्यंत, कोणीही कधीही मागे फिरू शकतो, एक पै न देता. ऑफर ते एक्स्चेंज या मधल्या काळात तीन-चार महिने सहज जातात, त्यात सर्च (कौन्सिलकडच्या वगैरे चौकश्या) येतात, सर्व्हे (घराची तपासणी) होतो, मॉर्गेजवाले शंका काढतात, आणि चेनमध्ये चार घरं असतील तर चारही ठिकाणी हे सगळं एकाच वेळी चाललेलं असतं. एका ठिकाणी अडलं की सगळे अडले. खरी मेहनत तिथे आहे. इथले लोक त्याला सेल्स प्रोग्रेशन म्हणतात.

आमचं स्टेन्सचं घर विकताना चेनमध्ये आमच्या खालचा जो घेणारा होता त्याचं स्वतःचं घर ज्याला विकलं होतं त्याच्या सर्व्हेमध्ये ओल निघाली. आम्हाला हे कधी कळलंच नसतं, कारण सॉलिसिटर फक्त आपल्या समोरच्या सॉलिसिटरशी बोलतो आणि तोही ईमेलने. आमच्या एजंटच्या ऑफिसात एक बाई होत्या, साठीच्या, त्यांचं कामच हे, दर दोन दिवसांनी चेनमधल्या प्रत्येक एजंटला फोन. त्यांनी खालच्या एजंटला गाठलं, ओलीच्या कामाचं कोटेशन आणायला लावलं, तो खर्च तिघांत कसा वाटायचा हे फोनवर ठरवून दिलं, मग आमचं एक्स्चेंज झालं. ती फी मी त्या बाईंच्या फोनची समजतो.

तेव्हा तुम्ही दुकान की वेबसाइट असं विचारू नका. "ऑफर आल्यावर माझी फाइल कोणाकडे जाते, त्या माणसाचं नाव काय, त्याच्याकडे एका वेळी किती फायली असतात आणि मी थेट त्याला फोन करू शकते का" एवढं दोघांनाही विचारा. हाय स्ट्रीटवरच्या कित्येक मोठ्या कंपन्यांनीही हे काम दूरच्या कॉल सेंटरला देऊन टाकलंय, तिथे सहा हजार देऊनही ती बाई मिळत नाही. तुम्हाला चेन आहे, सप्टेंबरची शाळा आहे, तुमच्यासाठी तर हाच प्रश्न सगळ्यात मोठा.

हिशेबनीस
+१. माझा हिशेब लिस्टिंगपुरता होता, हे त्यात धरायला हवं. चेन तुटली तर सर्व्हे, सर्च, सॉलिसिटरचं झालेलं काम हे पैसे जातात ते वेगळेच.

कागदपत्रवाली
मी एका कन्व्हेयन्सिंग फर्ममध्ये (घराच्या खरेदी-विक्रीचं कायदेशीर काम) काम करते त्यामुळे दोन्ही प्रकारच्या एजंटांशी रोज बोलणं होतं. टेम्सकाठ यांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. मी कॉन्ट्रॅक्टबद्दल लिहिते कारण लोक सगळ्यात जास्त तिथे अडकतात.

एजंट जो कागद पुढे करतो त्यात "सोल एजन्सी" आहे की "सोल सेलिंग राइट्स" ते बघा. ऐकायला सारखं वाटतं. सोल एजन्सीत दुसऱ्या एजंटने विकलं तर पहिल्याला फी द्यावी लागते, पण तुम्ही स्वतःच्या ओळखीतून घेणारा शोधला तर द्यावी लागत नाही. सोल सेलिंग राइट्समध्ये तुमच्या मावसभावाने घेतलं तरी एजंटची फी लागू. तसंच "रेडी, विलिंग अँड एबल पर्चेसर" असं कलम असेल तर ते काढायला सांगा, कारण त्यात घेणारा तयार असताना तुम्हीच माघार घेतली तर विक्री न होताही फी मागता येते. लीड्सचं घर फिसकटलं तर तुम्हाला माघार घ्यावी लागू शकते, तेव्हा हे तुमच्या कामाचं आहे.

मग टाय-इन, म्हणजे त्याच एजंटशी किती काळ बांधलेले राहायचं. बारा आठवडे, सोळा आठवडे असं छापलेलं असतं, त्यावर नोटीस पीरियड आणखी. हे बोलून कमी होतं, आठ आठवडे मागा, बरेच जण मान्य करतात. आणि एजंट बदलताना पहिल्याकडून लेखी यादी घ्या की त्याने कोणाकोणाला घर दाखवलं, नाहीतर त्याच यादीतल्या माणसाने पुढे दुसऱ्या एजंटकडून घर घेतलं तर दोघं फी मागायला येतात.

ऑनलाइनच्या बाबतीत बघायचं ते म्हणजे सॉलिसिटर. स्वस्त किंवा "नंतर भरा" पॅकेजमध्ये बऱ्याचदा त्यांच्याच पॅनेलवरची कन्व्हेयन्सिंग फर्म घ्यावी लागते, नाही घेतली तर जादा पैसे. म्हणजे फी कमी दिसते ती दुसऱ्या खिशातून जाते. पण दुकानवालेही कमी नाहीत हां, तेही गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल रेफरल फी घेतात. कायद्याने त्यांना ती सांगावी लागते, विचारा सरळ. आणि घेणाऱ्याने एजंटच्याच मॉर्गेज अॅडव्हायझरकडे जायला नकार दिला म्हणून त्याची ऑफर तुमच्यापर्यंत आणायची नाही असं कोणी करत असेल तर ते बेकायदेशीर आहे. आलेली प्रत्येक ऑफर त्यांनी तुम्हाला लगेच, लेखी कळवायलाच हवी.

लोअर_अर्ली
बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार सगळ्यांचे. कागदपत्रवाली ताई, काढून बघितलं, सव्वा टक्क्यावाल्याच्या कागदात खरंच "सोल सेलिंग राइट्स" लिहिलंय आणि टाय-इन सोळा आठवडे. अजून सही केलेली नाही.

आणखी एक शंका. दीड टक्क्यावाला म्हणाला चार पंच्याऐंशीला टाकू. सव्वावाला म्हणाला चार तीस. ऑनलाइनवाल्यांच्या माणसाने व्हिडिओ कॉलवर घर बघून चार वीस सांगितले. एकाच घराचे तीन भाव, पासष्ट हजारांचा फरक! नवऱ्याला अर्थातच चार पंच्याऐंशीवाला एकदम आवडायला लागलाय.

पावसाळी_मँचेस्टर
त्याला सांगा जरा थांब. चढा भाव सांगून सही घ्यायची आणि मग महिन्याभराने "मार्केट थंड आहे हो, जरा खाली येऊ" असं सांगायचं ही इथली जुनी खेळी आहे. सोळा आठवडे बांधलेले असता, जाणार कुठे.

टेम्सकाठ
आणि त्यात नुकसान दुहेरी आहे. घर राइटमूव्हवर पहिल्यांदा येतं तेव्हा ज्यांनी त्या भागासाठी अॅलर्ट लावून ठेवलेत त्या सगळ्यांना ते एकदम जातं, पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात महत्त्वाचे. त्या वेळी भाव चढा असेल तर तुमचा खरा गिऱ्हाईक, ज्याने साडेचार लाखाची मर्यादा टाकून सर्च लावलाय, त्याला तुमचं घर दिसतच नाही. मग तुम्ही भाव उतरवता तेव्हा लिस्टिंगवर "रिड्यूस्ड" आणि तारीख येते, लोक विचार करतात याला काय खोट आहे. शेवटी सुरुवातीला योग्य लावला असता त्यापेक्षाही कमीत जातं.

लँड रजिस्ट्रीचे सोल्ड प्राइस सगळ्यांना मोफत बघता येतात, राइटमूव्हवरही दिसतात. तुमच्या पोस्टकोडमधली गेल्या वर्षभरात विकलेली तीन बेडरूमची घरं काढा, फ्लोअरप्लॅनवरून चौरस फूट बघा, आणि त्या दीड टक्क्यावाल्याला विचारा की यातलं कुठलं घर चार पंच्याऐंशीला गेलं ते दाखव. नुसते मागितलेले भाव दाखवले तर मानू नका, मागायला काय, कोणीही काहीही मागतं.

एडिनबराकर
वाचतोय सगळं. इकडे स्कॉटलंडमध्ये प्रकार बराच वेगळा आहे म्हणून मध्येच लिहितो, कोणी इकडचं वाचत असेल तर. इथे घर विकायला काढायच्या आधीच विकणाऱ्याने होम रिपोर्ट करून घ्यायचा असतो, डिसेंबर २००८ पासून. त्यात सर्व्हेयरचा सर्व्हे, व्हॅल्युएशन, एनर्जी रिपोर्ट सगळं आलं. त्यामुळे तीन एजंट तीन भाव असा गोंधळ फार चालत नाही, कागदावर आकडा असतो. आणि बरेचदा सॉलिसिटर फर्मच एजंट असते, घर दाखवणं, ऑफर घेणं, कागद करणं सगळं एकाच छताखाली. एडिनबरात तर त्या सॉलिसिटर लोकांचं स्वतःचं पोर्टल आहे, ईएसपीसी. मिसिव्ह्ज (दोन्ही सॉलिसिटरांमधली कराराची पत्रं) पूर्ण झाले की सौदा बांधला गेला, त्यामुळे चेन तुटायची तुमच्याइतकी धास्ती नाही. इंग्लंडमधल्या लोकांचे अनुभव वाचून इकडे त्याच हिशेबाने ऑनलाइन एजंट शोधायला जाऊ नका, आधी दोन-तीन सॉलिसिटर-एजंटांचे कोट घ्या.

बाणेरहून
आम्ही परत आलो पुण्याला, आणि वेंब्लीचा फ्लॅट नंतर विकला, इथून. त्यामुळे ऑनलाइनचा प्रश्नच आला नाही, व्ह्यूइंग दाखवायला तिथे कोण होतं? चावी एजंटच्या ऑफिसात होती, महिन्यातून एकदा तो जाऊन नळ, हीटिंग बघून यायचा, पत्रं उचलायचा. रिकाम्या घराला अशा माणसाची किंमत आहे. ज्यांचा परत यायचा विचार चाललाय त्यांनी शक्यतो निघायच्या आधी विका, पण जमलं नाही तर हे लक्षात ठेवा: यूकेत नॉन-रेसिडेंट झालेल्या माणसाने तिथलं घर विकलं की कम्प्लीशनपासून ६० दिवसांच्या आत एचएमआरसीला (करखात्याला) रिपोर्ट करावंच लागतं, कर एक पाउंडही बसत नसला तरी. न केल्यास दंड. एजंट हे सांगत नाही, त्याचं ते काम नाही, आणि कन्व्हेयन्सर सांगेलच असं नाही. भारतातला कर वेगळा बघायचा, त्यासाठी दोन्हीकडचं कळणारा सीए धरा.

फ्लॅट असल्यामुळे लीजहोल्ड (जमीन दुसऱ्याची, लांब मुदतीचा भाडेपट्टा), बिल्डिंगच्या माहितीच्या मॅनेजमेंट पॅकची फी आम्हालाच द्यावी लागली, आणि लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर घेणाऱ्यांच्या बँका क्लॅडिंगचे (बिल्डिंगच्या बाहेरच्या आवरणाचे) कागद मागतात, तेही बिल्डिंगच्या मॅनेजमेंटकडून मिळवायचं. दुसऱ्या देशात बसून हे सगळं ईमेलवर हलवणं फार जिवावर येतं.

कागदपत्रवाली
बाणेरहून यांनी ६० दिवसांचं लिहिलं ते फार बरं केलं. यूकेत राहणाऱ्यांनाही, घरात कायम स्वतः राहिलेले नसाल, ते भाड्याने दिलेलं असेल आणि गेन टॅक्स (विक्रीतल्या नफ्यावरचा कर) भरावा लागत असेल, तर तोच ६० दिवसांचा नियम आहे. लोअर अर्ली, तुम्ही त्याच घरात सुरुवातीपासून राहत असाल तर बहुतेक काही लागणार नाही.

खमंग_फोडणी
एक वेगळा मुद्दा. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलंत का? आमच्या ओळखीत दोन घरं अशीच गेली, एजंटच नाही, दोन्हीकडे सॉलिसिटर लावले की झालं. एजंटशिवाय विकणं पूर्ण कायदेशीर आहे, सगळी फी वाचते. रेडिंगमध्ये आपली आणि तेलुगू, तमिळ मंडळी भरपूर आहेत, आयटीत सगळे, घरं शोधतच असतात.

लोअर_अर्ली
टाकलं होतं. दोघांनी विचारलं, एकजण येऊन बघूनही गेले. घर पूर्वाभिमुख आहे म्हणून खूश झाले, आणि मग म्हणाले एजंटची फी तुमची वाचतेय तर पंधरा हजार कमी करा. नवऱ्याच्या ऑफिसातलेच आहेत, नाही म्हणणं फार कठीण झालं.

टेम्सकाठ
हेच होतं. ओळखीच्या माणसाशी भावाची बोलणी करणं फार वाईट. आणि सर्व्हेमध्ये काही निघालं की तुम्हाला एकमेकांच्या तोंडावर बोलावं लागतं, पुढे गणपतीला भेटायचंय. मधे तिसरा माणूस असला की राग त्याच्यावर निघतो, तेही त्याचं काम आहे. अगदी जवळच्याला द्यायचंच असेल तर किंमत स्वतंत्र सर्व्हेयरकडून काढून घ्या आणि तोच आकडा दोघांनी मानायचा असं आधी ठरवा.

लाल_विटा
ऑनलाइन कंपन्यांबद्दल कोणीच एक लिहिलं नाही. पैसे आधी भरताना कंपनी टिकेल का हेही बघायला हवं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये इमूव्ह ही ऑनलाइन कंपनी अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये (दिवाळखोरीच्या प्रक्रियेत) गेली, आधी पैसे भरलेले लोक टांगणीला लागले. पर्पलब्रिक्सचं तर सगळ्यांना माहीत आहे, २०१५ मध्ये शेअर बाजारात आली, टीव्हीवर रात्रंदिवस जाहिराती, आणि २०२३ मध्ये स्ट्राइक या दुसऱ्या ऑनलाइन कंपनीने ती एक पाउंडाला घेतली. एक पाउंड! पर्पलब्रिक्सचं नाव पुढेही चालू राहिलं, पण धंद्याची पद्धत बदलली, फुकट विकून देण्याचं पॅकेज आलं. फुकट म्हणजे मॉर्गेज, कन्व्हेयन्सिंग, प्रीमियम लिस्टिंग, व्ह्यूइंग दाखवायला माणूस, यातून पैसे काढायचे. त्यात वाईट काही नाही, फक्त ते कशातून कमावतात हे समजून घ्यावं.

आणि हाय स्ट्रीटवरही वेगवेगळ्या पाट्या बघून फसू नका. कंट्रीवाइड ही एजंटांची मोठी कंपनी २०२१ मध्ये कॉनेल्सने घेतली, त्यामुळे हॅम्पटन्स, बेअरस्टो ईव्ह्स अशा वेगवेगळ्या नावांची दुकानं एकाच समूहाची आहेत. तीन दुकानांतून कोट आणले आणि त्यातली दोन एकाच मालकाची निघाली तर काय उपयोग. खरंच गावातलाच असलेला, मालक स्वतः दुकानात बसतो असा एजंट शोधा, अजून आहेत असे.

पावसाळी_मँचेस्टर
मधला प्रकार पण आहे ना, स्वतंत्र काम करणारे एजंट. एखाद्या मोठ्या नावाखाली काम करतात पण दुकान नाही, घरून चालवतात, एका वेळी मोजकीच घरं घेतात, फी विक्री झाल्यावर. माझ्या नणंदेने वॉरिंग्टनला असं विकलं. पहिल्या फोनपासून चावी देईपर्यंत एकच बाई, फाइल कुठे जाते हा प्रश्नच नाही. फक्त त्या आजारी पडल्या किंवा सुटीवर गेल्या तर त्यांच्या जागी कोण, हे विचारून घ्या.

कागदपत्रवाली
कोणताही घेतलात तरी तो प्रॉपर्टी ऑम्बुड्समन किंवा प्रॉपर्टी रिड्रेस या दोनपैकी एका योजनेत असायलाच हवा, कायद्याने सक्ती आहे. इंग्लंडात एस्टेट एजंट व्हायला लायसन्स किंवा परीक्षा लागत नाही, त्यामुळे एवढाच काय तो आधार. तक्रार असेल तर आधी एजंटकडे लेखी करायची, आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर तिकडे. ऑम्बुड्समन २५,००० पाउंडांपर्यंत भरपाई देववू शकतो.

आणि लोअर अर्ली, सप्टेंबर गाठायचं असेल तर एजंट ठरायच्या आधीच सॉलिसिटर धरा. बहुतेक लोक ऑफर आल्यावर धरतात आणि तिथेच दोन-तीन आठवडे जातात. टीए६ (घराची माहिती) आणि टीए१० (घरासोबत काय देणार त्याची यादी) हे फॉर्म आताच भरून ठेवता येतात. खिडक्या बदलल्यात का? फेन्सा सर्टिफिकेट (खिडक्या नियमानुसार बसवल्याचं) शोधा. लॉफ्ट किंवा एक्स्टेन्शन केलं असेल तर बिल्डिंग कंट्रोलचं कम्प्लीशन सर्टिफिकेट. बॉयलरचे कागद. ईपीसी (घराच्या ऊर्जावापराचं सर्टिफिकेट) दहा वर्षं चालतं, घर घेतानाचं असेल तर तारीख तपासा. हे सगळं तयार असलं की घेणाऱ्याच्या सॉलिसिटरचे अर्धे प्रश्न येतच नाहीत.

लोअर_अर्ली
अपडेट देते. दीड टक्क्यावाल्याला विचारलं कोणतं घर चार पंच्याऐंशीला गेलं ते दाखवा, त्याने पलीकडच्या रस्त्यावरचं चार बेडरूमचं दाखवलं, डबल गॅरेजवालं. तिथेच विषय संपला. नवऱ्यालाही पटलं.

सव्वावाल्याला टेम्सकाठ यांचे प्रश्न जसेच्या तसे विचारले. म्हणाला ऑफरनंतर फाइल त्यांच्या "सेंट्रल टीम"कडे जाते, थेट नंबर नाही. लाल_विटा म्हणाले तसं मग वोकिंगहॅमला मालकाचं स्वतःचं दुकान असलेला एक एजंट गाठला. त्याने चार तीसच सांगितले, सोबत लँड रजिस्ट्रीतली घरं काढून दाखवली. प्रोग्रेशन त्याची बायको बघते, नंबर दिला, मी तिच्याशी बोलले पण, लगेच विचारलं तुमचं लीड्सचं घर चेनमध्ये कितवं आहे. फी सव्वा टक्का म्हणत होता, एक टक्का प्लस व्हॅटवर आला, सोल एजन्सी, आठ आठवडे, "रेडी, विलिंग"वालं कलम खोडून दिलं. म्हणजे चार पंचवीसला गेलं तर व्हॅट धरून ५,१००. ऑनलाइनपेक्षा साडेतीन हजार जास्त आहेत, ते शाळेच्या तारखेसाठी द्यायचे ठरवलं.

एकच विचारायचं राहिलं. सही घरीच, आमच्या डायनिंग टेबलवर करायची म्हणतोय. त्याने काही फरक पडतो का?

कागदपत्रवाली
तुमच्या फायद्याचंच आहे. घरी किंवा ऑनलाइन सही केली तर १४ दिवसांत रद्द करायचा हक्क मिळतो, त्याच्या दुकानात जाऊन केली तर सहसा मिळत नाही. फक्त तो एक वेगळा फॉर्म देईल की १४ दिवस संपायच्या आधीच काम सुरू करा. त्यावर सही केली तरी हक्क जात नाही, पण रद्द केलंत तर तोवर झालेल्या कामाचे पैसे मागू शकतो, फोटो वगैरे. तुम्हाला घाई आहे तेव्हा करा सही, फक्त त्या कामाचे दर आधी लिहून घ्या. आणि ऑफर आली की इथे कळवा.